वीस मायक्रॉनच्या कापात हरवलेलं शिखर: किरणोपचारानंतरच्या रक्तवाहिनी-अर्बुदातील डीएनए मोजणीचं एक प्रकरण

(हे प्रकरण शिकवणीसाठी बांधलेलं आहे. त्यातला रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही आणि आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पद्धती, मर्यादा आणि चुका मात्र या कामात खरोखर आढळणाऱ्या आहेत.)

६१ वर्षांची स्त्री. सहा वर्षांपूर्वी उजव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली, स्तन राखला आणि २५ बैठकांत ५० ग्रे किरणोपचार झाले. आता त्याच स्तनाच्या त्वचेवर मुका मार लागल्यासारखे दोन काळेनिळे डाग आहेत, एक १४ मिलिमीटरचा आणि दुसरा ६ मिलिमीटरचा. दुखत नाहीत, खाजत नाहीत. मार लागल्याचं आठवत नाही. मोठ्या डागाच्या कडेवरून ४ मिलिमीटरची पंच बायोप्सी, म्हणजे गोल पात्याने कापलेला त्वचेचा तुकडा, घेतली गेली.

एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या) कापात त्वचेच्या मधल्या थरात वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्या. त्या कोलॅजनच्या पट्ट्यांमधून वाट काढत होत्या. आतल्या अस्तराच्या पेशींची केंद्रकं थोडी मोठी आणि गडद होती, पण ओरडून सांगण्याइतकी विचित्र नव्हती. उच्च भिंगाच्या दहा क्षेत्रांत एक विभाजन, मृत ऊतीचा भाग कुठेही नाही, आजूबाजूला लिम्फोसाइटची दाट गर्दी. सीडी३१ आणि ईआरजी या अस्तरपेशी ओळखणाऱ्या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराच्याच. किरणोपचारानंतर येणारी निरुपद्रवी ‘अटिपिकल व्हॅस्क्युलर लीजन’ की सौम्य चेहऱ्याचा अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराचा कर्करोग, एवढाच प्रश्न उरला. पहिलीत जागा काढून लक्ष ठेवलं तरी बहुतेकदा भागतं. दुसऱ्यात मोठी शस्त्रक्रिया लागते आणि उशीर महागात पडतो.

निकाल लागेना, म्हणून ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेली ऊती) डीएनए प्लॉइडीसाठी, म्हणजे पेशींतला डीएनए किती आहे हे मोजण्यासाठी, पाठवला गेला. रिपोर्ट आला: ‘डीएनए डिप्लॉइड, एस-फेज कमी, सौम्य प्रकाराशी सुसंगत.’

या ओळीतला शेवटचा भाग लिहायलाच नको होता. का, ते मोजणीच्या नळीत नेमकं काय गेलं होतं हे पाहिल्यावर कळतं.

मोजतात काय

फ्लो सायटोमीटर गुणसूत्रं मोजत नाही. प्रत्येक केंद्रकातल्या डीएनएला चिकटलेल्या रंगाची चमक मोजतो. माणसाच्या सामान्य पेशीत साधारण ६.५ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे जवळपास ६२० कोटी बेसजोड्या. या चमकेला २सी म्हणतात. पेशी विभागण्याआधी डीएनए दुप्पट करते, तेव्हा ती ४सी होते. दुप्पट करण्याआधीच्या टप्प्याला जी१, करत असतानाच्या टप्प्याला एस-फेज आणि दुप्पट झाल्यावरच्या टप्प्याला जी२ म्हणतात. हजारो केंद्रकांच्या चमकेचा आलेख काढला की २सी वर मोठं शिखर, ४सी वर छोटं आणि मधल्या पठारावर डीएनए बनवण्याच्या कामात असलेल्या पेशी दिसतात. २सी शिखराखेरीज वेगळंच जी१ शिखर निघालं तर अर्बुद ‘डीएनए अ‍ॅन्युप्लॉइड’. त्या शिखराच्या जागेला २सी च्या जागेने भागलं की डीएनए इंडेक्स मिळतो. ‘डिप्लॉइड’ या शब्दाआधी ‘डीएनए’ लावतात ते याचसाठी: ४६ गुणसूत्रं नीट आहेत अशी हमी हा आलेख देत नाही, एकूण माल २सी इतका भरला एवढंच सांगतो.

पॅराफिन ब्लॉकमधून केंद्रकं सोडवण्याची रीत १९८३ मध्ये डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. किरकोळ फेरफारांसह आजही तीच वापरतात. जाड काप घ्यायचे, झायलिनमध्ये दोनदा बुडवून मेण काढायचं, १००, ९५, ७० आणि ५० टक्के अल्कोहोलमधून उतरत पाण्यात आणायचं, प्रत्येक पायरीला १० मिनिटं. मग ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ०.५ टक्के पेप्सिन, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १.५ वर आणलेलं, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मधूनमधून हलवत. पेप्सिन पेशीचं मांस खातं आणि केंद्रकं सुटी होतात. ५० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळायचं, बफरने धुवायचं, दर मिलिलिटरला सुमारे दहा लाख केंद्रकं ठेवायची आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रोपिडियम आयोडाइडने रंगवायचं. हा रंग आरएनएलाही धरतो, म्हणून सोबत आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, हवंच. ते विसरलं तर शिखर उजवीकडे सरकतं आणि पसरतं.

पहिल्या मोजणीत काय झालं

पहिल्या नोंदीवरून तीन गोष्टी समजल्या. काप २० मायक्रॉनचे घेतले होते. पेप्सिनचं द्रावण आदल्या आठवड्याचं होतं. आणि शिखराची रुंदी, म्हणजे सीव्ही (प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के ते), ७.८ टक्के होती. पातळ कापांमागचा हेतू चांगला होता: ऊती थोडी, ती वाचवायची. पण तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने गेला.

आधी जाडीचं पाहू, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच आहे. काप घेताना सुरी काही केंद्रकांच्या मधूनच जाते. कापाची जाडी टी आणि केंद्रकाचा व्यास डी असेल तर त्या जाडीतली टी वजा डी इतक्या पट्ट्यात मध्यबिंदू असलेली केंद्रकंच अखंड उरतात. बाकीची तुकडे होतात. लिम्फोसाइटचं केंद्रक ७ मायक्रॉनचं. रक्तवाहिनीच्या अस्तराचं, त्यातही अर्बुदातलं केंद्रक लांबट असतं, ते कापाच्या जाडीच्या दिशेत उभं असेल तर १६ मायक्रॉनही भरतं. आता हिशोब मांडा:

२० मायक्रॉनच्या कापात लिम्फोसाइटची २० पैकी १३, म्हणजे ६५ टक्के केंद्रकं अखंड. अर्बुदाची २० पैकी ४, म्हणजे २० टक्के.

५० मायक्रॉनच्या कापात लिम्फोसाइटची ८६ टक्के अखंड. अर्बुदाची ६८ टक्के.

म्हणजे पातळ काप मोठी केंद्रकं निवडून मारतो. या बायोप्सीच्या एच अँड ई कापावर ५०० केंद्रकं मोजली तेव्हा त्यातली १८ टक्के अर्बुदाची होती. २० मायक्रॉनच्या कापातून नळीत पोहोचलेला अर्बुदाचा वाटा मग काढा: १८ गुणिले ०.२० म्हणजे ३.६, आणि ८२ गुणिले ०.६५ म्हणजे ५३.३. एकूण ५६.९ पैकी ३.६, सुमारे ६ टक्के. १०० अखंड केंद्रकांतली ९४ लिम्फोसाइट, तंतुपेशी आणि सामान्य रक्तवाहिन्यांची. लिहिलेला ‘डिप्लॉइड’ निकाल खरा होता, पण तो त्या ९४ केंद्रकांचा होता. (लांबट केंद्रक आडवं पडलं तर ते कमी कापलं जातं, त्यामुळे हा अंदाज टोकाचा आहे. दिशा मात्र बदलत नाही.)

तुकडे झालेली केंद्रकंही गप्प बसत नाहीत. कमी डीएनएची चमक घेऊन ती २सी च्या डावीकडे आणि शिखरांच्या मध्ये कचऱ्यासारखी पसरतात. एस-फेजचा आकडा त्यांच्यामुळे फुगतो किंवा सॉफ्टवेअरने जास्त वजा केला तर खाली जातो. पहिल्या रिपोर्टमधला ‘एस-फेज कमी’ हा आकडा म्हणून कोणत्याच कामाचा नव्हता.

रक्तवाहिनीच्या अर्बुदांत एक वाढीव अडचण असते. रक्त. माणसाच्या लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या डीएनएचं शिखर देत नाहीत. (कोंबडीच्या लाल पेशींना असतं, आणि त्यात माणसाच्या पेशीच्या साधारण ३५ टक्के डीएनए असतो. म्हणूनच त्या ताज्या नमुन्यांत मापपट्टी म्हणून टाकतात.) पण फॉर्मलिनमध्ये पक्क्या झालेल्या लाल पेशी आणि फायब्रिनचे धागे स्वतःच चमकतात, केंद्रकांना चिकटतात आणि गुठळ्या करतात. त्यात फॉर्मलिन बफर नसलेलं असेल तर त्याचं हळूहळू फॉर्मिक आम्ल होतं आणि रक्ताच्या जागी तपकिरी-काळं रंगद्रव्य साचतं. या ब्लॉकच्या एच अँड ई कापात ते ठिकठिकाणी होतंच. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन करायला फार खर्च लागत नाही: १०० मिलिलिटर तीव्र फॉर्मलिन, ९०० मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ही दोन क्षारांची पुडी टाकायचा कंटाळा पुढे सहा महिन्यांनी मोजणीच्या टेबलावर भोवतो.

पेप्सिनचं कारण त्या मानाने साधं. शिळ्या द्रावणाचा पीएच तपासला तेव्हा २.४ निघाला आणि एन्झाइमही मंद झालेलं होतं. पेशीद्रव अर्धवट उरलं की रंग डीएनएपर्यंत सारखा पोहोचत नाही, शिखर पसरतं. पॅराफिनच्या कामात ८ टक्क्यांपर्यंतचा सीव्ही पुष्कळदा चालवून घेतला जातो. इथे तो ७.८ होता, नियमात बसत होता. पण या प्रश्नासाठी चालणारा नव्हता.

कुबड्यासारखा उंचवटा

पहिल्या आलेखात २सी चं शिखर २०० व्या चॅनेलवर (चमकेच्या अक्षावरच्या कप्प्यावर) होतं. ४सी च्या परिसरात एक बुटका, रुंद उंचवटा होता, त्यात सुमारे ६ टक्के घटना, म्हणजे मोजलेली केंद्रकं. त्याला ‘जी२ आणि जोडकेंद्रकं’ (एकमेकांना चिकटून एक म्हणून मोजली गेलेली दोन केंद्रकं) म्हणून सोडून दिलं गेलं. हा उंचवटा जवळून पाहिला.

त्याच यंत्रावर, त्याच रीतीने ब्लॉक केलेल्या टॉन्सिलच्या पेशींत जी२ आणि जी१ चं गुणोत्तर १.९७ येत होतं. म्हणजे सामान्य जी२ ची जागा ३९४ व्या चॅनेलला. उंचवट्याचा मध्य मात्र ३६८ च्या आसपास होता. २६ चॅनेलचा फरक. पण सीव्ही ७.८ टक्के असताना ३६८ वरच्या शिखराचं प्रमाण विचलन जवळपास २९ चॅनेल होतं. फरक पसाऱ्यापेक्षा लहान, त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्या आलेखावरून म्हणता येत नव्हतं. शंका घेता येत होती, आणि ती घ्यायलाच हवी होती. ‘जी२ मध्ये ६ टक्के’ हे हळूहळू वाढणाऱ्या, त्वचेतल्या, दहा क्षेत्रांत एक विभाजन असलेल्या ऊतीला शोभणारं नाही. त्वचेतली लिम्फोसाइटं बहुतेक विश्रांतीत असतात.

दुसरी मोजणी

ब्लॉकमध्ये साधारण एक मिलिमीटर ऊती उरली होती. आधी ४ मायक्रॉनचा नवा एच अँड ई काप घेतला आणि त्यावर अर्बुदाची जागा पेनाने गोल केली. तो काच-काप ब्लॉकच्या तोंडावर धरून बाकीची ऊती, विशेषतः लिम्फोसाइटची दाट पट्टी आणि खालची चरबी, सुरीच्या पात्याने खरवडून काढली. मग ५० मायक्रॉनचे तीन काप आणि शेवटी पुन्हा ४ मायक्रॉनचा एच अँड ई. शेवटचा काप वगळू नये. पंच बायोप्सीत १५० मायक्रॉन खाली गेल्यावर अर्बुद संपलेलं असू शकतं, आणि मग आपण निरोगी त्वचा मोजून मोकळे होतो. दोन्ही कापांत अर्बुदाचा वाटा सरासरी ४५ टक्के भरला.

पेप्सिन त्याच सकाळी केलं, पीएच मीटरवर पाहिला. ३० मिनिटांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला: केंद्रकं गोल, सुटी, कडेला पेशीद्रवाच्या चिंध्या नाहीत. हा थेंब पाहायला दोन मिनिटं लागतात. रंगवल्यावर नमुना सर्वांत मंद वेगाने चालवला, कारण प्रवाह जाड झाला की केंद्रकं लेसरच्या मध्यातून जात नाहीत आणि सीव्ही वाढतो. जोडकेंद्रकं चमकेच्या स्पंदाची रुंदी विरुद्ध क्षेत्रफळ या आलेखावर वगळली. एकूण २०,००० घटना.

सीव्ही ४.६ टक्के आला. २०० वर डिप्लॉइड शिखर आणि ३६८ वर स्वतंत्र, टोकदार शिखर. डीएनए इंडेक्स १.८४. या शिखरात ३४ टक्के केंद्रकं. आधीच्या सूत्राने अपेक्षा होती ३९ टक्क्यांची, म्हणजे मेळ बसतो. त्याच्याही पुढे ७२५ च्या आसपास छोटा ढीग होता, तो या अर्बुदाचा स्वतःचा जी२. हा ढीग महत्त्वाचा. ३६८ वरचा माल सामान्य पेशींचा जी२ असता, तर त्याच्या दुपटीला काहीच नसायला हवं होतं.

इथे एक खबरदारी. पॅराफिनमधून आलेल्या नमुन्यात बाहेरून टाकलेली मापपट्टी चालत नाही. प्रत्येक ब्लॉकचं फिक्सेशन वेगळं, रंग धरण्याची ताकद वेगळी. म्हणून सर्वांत डावीकडचं शिखर डिप्लॉइड मानतात आणि ते नमुन्यातल्याच सामान्य पेशींचं आहे असं गृहीत धरतात. खरवडताना सामान्य पेशी पूर्ण काढून टाकल्या तर हा आधारच जातो. ५५ टक्के सामान्य पेशी राहू दिल्या त्या यासाठी.

उरलेल्या केंद्रकांचा एक थेंब सायटोस्पिनवर (फिरवून काचेवर बसवून) घेऊन, डीएनएला धरणाऱ्या फॉयलगेन रंगाने प्रतिमा-मोजणी केली. ५ नॉर्मल (५एन) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात खोलीच्या तापमानाला ६० मिनिटं, मग शिफचा अभिकर्मक ६० मिनिटं, सल्फाइटचे तीन धुणे. या रीतीत केंद्रक डोळ्यांनी पाहून निवडता येतं, आणि रक्ताळ अर्बुदात हाच तिचा मोठा फायदा. ३० लिम्फोसाइट आधाराला आणि अर्बुदाची २१२ केंद्रकं मोजली. लिम्फोसाइटचं केंद्रक घट्ट असल्याने त्याची घनता थोडी कमी भरते, ती दुरुस्ती धरली. तपकिरी रंगद्रव्य चिकटलेली केंद्रकं वगळली, कारण ते रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि नसलेला डीएनए दाखवतं. मुख्य गट ३.७सी वर आला. ५सी च्या पलीकडे ९ केंद्रकं होती, सर्वांत मोठं ७.४सी. त्वचेतल्या सामान्य अस्तरपेशीला ५सी ओलांडायचं कारण नाही.

(हाच निकष यकृतात लावू नये. सामान्य यकृतपेशीही ४सी आणि ८सी असू शकतात, आणि बाळाच्या यकृतातल्या रक्तवाहिनी-अर्बुदात रक्त तयार होण्याची केंद्रं असतात, त्यातल्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) तर आणखी पुढे जातात. तिथे ‘टेट्राप्लॉइड’ (४सी) शिखर पाहून घाबरण्याआधी ते कोणाचं आहे हे बघावं.)

प्लॉइडीला न दिसणारं

सुधारित मोजणीने प्रश्न सुटला असं वाटेल, पण निदान त्यावर ठेवलं नाही. फिशने, म्हणजे जनुकाच्या जागी चमकते ठिपके उमटवणाऱ्या चाचणीने, ८ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचं, पेशींची वाढ चालवणारं एमवायसी जनुक पाहिलं. अर्बुदाच्या केंद्रकांत त्याचे मोजता न येण्याइतके ठिपक्यांचे घोस होते, ८ च्या सेंट्रोमिअरचे ठिपके मात्र तीन ते चार. किरणोपचारानंतरच्या अँजिओसार्कोमात बहुसंख्य वेळा हे प्रवर्धन, म्हणजे जनुकाच्या जादा प्रती, सापडतं, अटिपिकल व्हॅस्क्युलर लीजनमध्ये सापडत नाही. निदान तिथे पक्कं झालं. हीच गोष्ट स्टुअर्ट आणि ट्रीव्ह्झ यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या, स्तन काढल्यावर सुजलेल्या हातावर येणाऱ्या अर्बुदांतही दिसते.

मग विचार करा: हे अर्बुद एमवायसी प्रवर्धित आणि तरीही २सी च्या जवळच राहिलेलं असतं तर? समजा प्रवर्धित तुकडा २० लाख बेसजोड्यांचा आणि त्याच्या २० जादा प्रती. एकूण ४ कोटी बेसजोड्या. ६२० कोटींत ४ कोटी म्हणजे ०.६५ टक्के. ८ वं गुणसूत्र पूर्ण एक जास्त असतं तरी सुमारे साडेचौदा कोटी, म्हणजे २.३ टक्के. दोन सारख्या आकाराची शिखरं वेगळी दिसायला त्यांच्यात किमान दोन प्रमाण विचलनांचं अंतर लागतं. ४.६ टक्के सीव्ही असताना ते ९ टक्क्यांच्या वर जातं. जीव घेणारा बदल आणि सपाट डिप्लॉइड आलेख एकाच अर्बुदात सुखाने नांदू शकतात. एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा या रक्तवाहिनीच्या दुसऱ्या अर्बुदात तर बहुतेकदा १ आणि ३ या गुणसूत्रांत नुसती अदलाबदल होते. डीएनएचं वजन जिथल्या तिथे.

म्हणून रक्तवाहिनी-अर्बुदात या चाचणीची बाजू एकच आहे. पक्कं अ‍ॅन्युप्लॉइड शिखर आलं, तेही अर्बुदाच्याच पेशींचं आहे हे दाखवता आलं, तर संशय बळावतो आणि रुग्णाला थांबवून ठेवणं बरोबर नाही. डिप्लॉइड आलं तर काहीच ठरत नाही. जिथे फिश नाही तिथे किमान एमवायसीचा प्रतिपिंड तरी ठेवावा, तो काचेवर साध्या इम्युनो-रंगाने होतो आणि पातळ कापावर चालतो. या प्रकरणात तो पहिल्याच दिवशी लावता आला असता.

पहिला रिपोर्ट मागे घेऊन दुसरा असा लिहिला: ‘डीएनए अ‍ॅन्युप्लॉइड, डीएनए इंडेक्स १.८४, जी१ सीव्ही ४.६ टक्के. ५० मायक्रॉनचे काप, निवडक भाग. काच-कापावर अर्बुदाच्या केंद्रकांचा वाटा ४५ टक्के. एस-फेज दिलेला नाही, कापलेल्या केंद्रकांचा कचरा जास्त. आधीच्या मोजणीत अर्बुदाचा वाटा अपुरा होता, ती मूल्यमापनास अयोग्य धरावी.’ अर्बुदाचा वाटा, कापाची जाडी आणि सीव्ही हे तीन आकडे नसलेला प्लॉइडी रिपोर्ट वाचणाऱ्याने परत पाठवावा.

स्तन आणि किरणोपचार झालेली त्वचा रुंद कडेसह काढण्यात आली. नमुना फॉर्मलिनमध्ये जाण्याआधी मोठ्या डागातून ५ मिलिमीटरचा तुकडा उणे ८० अंशांवर ठेवला. त्यातून सीव्ही ३.१ टक्के मिळाला आणि इंडेक्स पुन्हा १.८४. छोटा डागही त्याच अर्बुदाचा निघाला.

बाहेरच्या कडेला, दिसणाऱ्या डागापासून ३ सेंटिमीटरवर, चार-पाच बारीक वाहिन्या शंकास्पद होत्या. तिथली प्लॉइडी करून देता येईल का, असं सर्जननी विचारलं. काचेवर अस्तराची केंद्रकं मोजली, ६२ भरली. एवढ्यात ना फ्लोचं शिखर उभं राहतं, ना लिम्फोसाइटच्या गर्दीत ते ओळखता येतं. नाही म्हणून कळवलं आणि त्याच कापाशेजारचा ४ मायक्रॉनचा काप एमवायसीला लावला. ६२ पैकी बहुतेक केंद्रकं गडद तपकिरी रंगली. त्या बाजूची त्वचा आणखी दोन सेंटिमीटर काढण्यात आली.